पद्मिनीचा सोलेक्स: किट टाकूनही गाडी स्लो धरत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी जुळे सोलापुरातल्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी होती. टाकी धुतली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला, बाजारातलं किट टाकलं. गाडी सुरू होते, पण चोक अर्धा ओढून ठेवल्याशिवाय स्लो धरत नाही, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. ॲक्सिलरेटर दाबला की आधी दम खाते, मग उचलते. पेट्रोलचा वास येतो आणि लिटरला सातच्या वर जात नाही. भर उन्हात तुळजापूरचा घाट चढून थांबलं की वीस मिनिटं पुन्हा सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतात, जुना सोलेक्स कार्ब्युरेटर काढून मारुतीचा बसवू. बसवावा का?

बसवू नका. तुमचा कार्ब्युरेटर संपलेला नाही, तो अर्धाच दुरुस्त झालाय. किटमध्ये पॅकिंगं, सुई-व्हॉल्व्ह, पंपाचा डायफ्रॅम आणि चार वॉशर येतात. पंचेचाळीस वर्षांत झिजतं ते वेगळंच असतं: थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल म्हणजे दांडा, तो ज्या भोकांत फिरतो ती भोकं, आणि कार्ब्युरेटर इंजिनवर बसतो तो खालचा फ्लँज. या गोष्टी पाकिटात मिळत नाहीत. त्या मोजाव्या लागतात आणि लेथवर करून घ्याव्या लागतात. सोलापुरात हे काम फार चांगलं होतं, कसं ते पुढे येईलच.

आधी लक्षणं वाचू. चोक अर्धा ओढला की गाडी धरते, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोलाची माहिती आहे. चोकने जास्तीचं पेट्रोल मिळतं. म्हणजे स्लोवर इंजिनला एक तर पेट्रोल कमी पडतंय, नाही तर कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. चोक ओढून गाडी चालवली की पेट्रोल जळणार, वास येणार, सरासरी सातवर येणार. तेव्हा वास आणि सरासरी हे बहुतांशी स्वतंत्र दोष नाहीत, पहिल्याच दोषाचे परिणाम आहेत. दम खाण्याचा मुद्दाही त्याला जोडलेला निघेल. गरम झाल्यावर सुरू न होणं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी इंजिन तपासून घ्या, कारण गळका व्हॉल्व्ह किंवा डिस्ट्रिब्युटरमधला जळका पॉइंट असताना कोणताही कार्ब्युरेटर ट्यून होत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) मॅन्युअलप्रमाणे लावा. देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळतं, आणि शिशाचं संरक्षण गेल्यावर जुन्या इंजिनातल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खोल जातात. सीट खोल गेली की टॅपेटची फट आपोआप कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, स्लो डगमगतो आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. पॉइंटची फट, कंडेन्सर, प्लग, टायमिंग, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची रबरी नळी हे सगळं एका दुपारचं काम आहे. व्हॅक्यूम गेज मिळाला तर नक्की लावा. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. सोलापूर सुमारे दीड हजार फुटांवर आहे. म्हणजे आपल्याकडे काटा १६ ते १९ च्या मध्ये स्थिर राहिला तर इंजिन ठीक. काटा खाली आहे पण थरथरत नाही, तर हवा गळतेय. लयीत झटके मारतोय, तर व्हॉल्व्हकडे बघा.

आता मुख्य संशयित: स्पिंडल. स्लोवर थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते आणि तिच्या खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत, जबरदस्त ओढ असते. स्पिंडलच्या दोन्ही टोकांना झिजून फट पडली असेल तर हवा तिथून शिरते. तडा गेलेल्या नळीने उसाचा रस ओढायला गेलं की तोंडात हवाच जास्त येते, तसंच हे. थ्रॉटल उघडला की तीच फट एकूण हवेच्या मानाने नगण्य होते, म्हणून रस्त्यावर गाडी बरी पळते आणि सिग्नलला बंद पडते. सात रस्त्याला उभी राहून बंद पडणाऱ्या जुन्या फियाटी पाहिल्या असतील, त्यातल्या बऱ्याच जणींचं दुखणं हेच असतं.

तपासायला साधी युक्ती आहे. स्पिंडलवर पेट्रोल शिंपडून बघणारे लोक आहेत; गरम इंजिनावर ते आगीला आमंत्रण आहे, करू नका. गाडी गरम करा, चोकवर स्लो ठेवा आणि स्पिंडल बॉडीत शिरतो तिथे दोन्ही बाजूंना घट्ट ग्रीसचा जाड थर लावा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावरही लावा. मग चोक आत ढकला. आता गाडी धरली, किंवा पूर्वीपेक्षा बराच वेळ धरली, तर निदान पक्कं. त्यानंतर कार्ब्युरेटर काढून स्पिंडल बोटांत धरून वर-खाली हलवा. नव्या जोडणीत फट शतांश मिलिमीटरमध्ये असते. बोटाला खटका जाणवत असेल तर ती बरीच पुढे गेलीय. डायल गेजवर ०.१ मिलिमीटरच्या वर खेळ दिसला की मी बुश (भोकात बसणारी धातूची छोटी नळी) करायला सांगतो.

नुसता नवा स्पिंडल टाकून भागत नाही, कारण बॉडीतलं भोक झिजून अंडाकृती झालेलं असतं. दोन्ही भोकं एकाच बांधणीत, एका रेषेत मोठी करून त्यात पितळी किंवा गनमेटलचे बुश बसवायचे आणि रीमरने मापात आणायचे. शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे टर्नर आहेत. बारीक बुश आणि शाफ्ट हा त्यांचा रोजचा हातखंडा. गॅरेजवाल्याच्या ओळखीच्या लेथपेक्षा अशा माणसाकडे जा, आणि बरोबर नुसती बॉडी न नेता स्पिंडल, चकती, स्क्रू सगळं न्या. त्यांना तीन गोष्टी आधीच सांगा. बॉडी मऊ ओतीव धातूची आहे, त्यामुळे बुश हातोडीने न ठोकता व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर दाबून बसवायचा. स्पिंडल आणि बुशमध्ये ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर फट ठेवायची. त्याहून घट्ट केलं तर उन्हाळ्यात थ्रॉटल अडकेल आणि अडकलेला थ्रॉटल जिवावर बेततो. आणि भोकाला छेदणारी एखादी बारीक वाट असेल तर बुश बसल्यावर ती पुन्हा उघडून द्यायची.

चकती काढतानाही जपून. तिचे दोन स्क्रू मागून ठेचलेले असतात. तसेच फिरवले तर स्पिंडलचे आटे जातात, म्हणून आधी ठेचलेली शेपटी कानशीने घासून टाका. चकतीची कड तिरकी असते आणि ती एकाच बाजूने नीट बसते. काढण्याआधी सुईने खूण करा. जोडताना स्क्रू सैल ठेवून चकती दोन-तीनदा फटकन बंद करा, म्हणजे ती आपली जागा घेते. मग आवळा, बॉडी उजेडासमोर धरा आणि कडेने येणारी प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी आहे का बघा. नवे स्क्रू, थोडं लॉकिंग लिक्विड, आणि खालून आधार देऊन शेपट्या पुन्हा ठेचा. हा स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो, म्हणून इथे आळस नको.

फ्लँजचं काम सोपं आहे. नट जास्त आवळून त्याचे दोन्ही कान वाकलेले असतात. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, थोडं तेल टाका आणि फ्लँज आठाच्या आकारात घासा. सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबा. वरच्या झाकणाचंही तसंच करा.

धुण्याबद्दल एक कळकळीची सूचना. आपल्याकडे रंगाई आणि ब्लीचिंगच्या धंद्यामुळे कॉस्टिक सोडा सहज मिळतो, आणि काही जण कार्ब्युरेटर त्यात उकळून चकचकीत करून देतात. कॉस्टिक जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो. बॉडी पांढरी दिसते, पण आतल्या वाटा खरबरीत होतात, आटे भुसभुशीत होतात, आणि हे नुकसान परत भरून येत नाही. ॲसिडचंही तेच. कार्ब क्लीनर, रॉकेल, चिकट गोंदासाठी थोडं थिनर (रबर आणि डायफ्रॅम आधी काढून) आणि दाबाची हवा एवढं पुरतं. एखाद्या वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर उत्तमच. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालायची नाही. मासेमारीच्या दोऱ्याचा नायलॉनचा तुकडा घ्या. पुसायला टेरी टॉवेलचे तुकडे वापरू नका. त्याचं तूस पायलट जेटमध्ये (स्लोच्या जेटमध्ये) अडकलं की केलेली सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक वाट एका टोकाने हवा मारून दुसऱ्या टोकाला बोटावर अनुभवा. स्लोची वाट पायलट जेटपासून मिक्श्चर स्क्रूपर्यंत आणि चकतीच्या कडेजवळच्या बारीक भोकांपर्यंत जाते. सहा वर्षं उभ्या गाडीत पेट्रोल सुकून झालेला चिवट थर हमखास इथेच असतो, आणि स्पिंडल ठीक निघाला तर तुमचा दुसरा संशयित हाच.

किटबरोबर नवी जेट आली असतील तर ती डोळे झाकून लावू नका. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. बाजारातल्या जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच, असं सर्रास आढळतं. पिन गेजने तपासा. जुनी पितळी जेट तारेने खरवडलेली नसतील तर साफ करून तीच परत लावा.

आता फ्लोटची पातळी. फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये, पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, तरंगणारा भाग; तो वर आला की सुई-व्हॉल्व्ह पेट्रोल बंद करतो. किट टाकल्यावर बिघडणारी गोष्ट बहुतेक हीच असते. या सोलेक्समध्ये पातळी सुई-व्हॉल्व्हच्या खालच्या वॉशरच्या जाडीने ठरते. किटमधला वॉशर जुन्यापेक्षा पातळ निघाला तर व्हॉल्व्ह झाकणात वर सरकतो, फ्लोटला जास्त वर जावं लागतं आणि बाऊलमध्ये पेट्रोल जास्त भरतं. मग वळणावर, चढावर मुख्य नळीतून पेट्रोल आपोआप झिरपतं. वास येण्याचं एक कारण इथेही असू शकतं. वॉशर जाड झाला तर उलट, पातळी खाली जाते आणि गाडी उपाशी राहते. जुना वॉशर टाकून दिला नसेल तर दोन्ही मायक्रोमीटरने मोजा. गाडी सपाट जागी स्लोवर दोन मिनिटं चालवा, बंद करा, बॅटरीची तार काढा, झाकण उघडा, फ्लोट अलगद काढा आणि बाऊलच्या वरच्या कडेपासून पेट्रोलपर्यंतचं अंतर मोजा. मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा आहे, तो प्रमाण. मॅन्युअल नसेल तर एवढं तरी खात्रीचं की पातळी मुख्य नळीच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खालीच हवी. तोंडाला टेकत असेल तर ती चुकीची.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवा, आत खळखळ आहे का ऐका, मग गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर छिद्र आहे. डाग देऊन बुजवता येतं, पण डागाचं वजन वाढलं की पातळीही बदलते, हे लक्षात ठेवून पुन्हा मोजा. एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) नवीन बसवला असेल तर त्याचा दाबही बघा. दोन ते तीन पीएसआय पुरतो. पंपाखालचं जाड पॅकिंग काढून पातळ टाकलं की दाब वाढतो, आणि सुई कितीही नवी असली तरी पेट्रोल तिला ढकलून आत येतं. कोणी इलेक्ट्रिक पंप लावून दिला असेल तर रेग्युलेटरशिवाय चालवू नका.

चोकबद्दल दोन वाक्यं. वरच्या तोंडात झडप दिसत नसेल तर तुमच्या सोलेक्समध्ये चोक म्हणजे बाजूला बसवलेली फिरणारी चकती आहे, तिला स्वतःचं पेट्रोलचं जेट आणि हवेची वाट असते. बटण पूर्ण आत ढकलल्यावर ही चकती पूर्ण बंद झाली पाहिजे. केबल आखूड बांधली असेल तर बटण आत असूनही पेट्रोल झिरपत राहतं.

ॲक्सिलरेटर दाबताच दम खाण्याची दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे कार्ब्युरेटरमधला ॲक्सिलरेटर पंप. एअर क्लीनर काढा, थंड इंजिन बंद असताना थ्रॉटल हाताने फिरवा आणि वरून बघा. हात हलताक्षणी पेट्रोलची सरळ, अखंड धार पडली पाहिजे. उशिरा पडली किंवा थेंब थेंब पडली तर डायफ्रॅम किंवा खालची गोळी साफ बसत नाहीये. धार भिंतीवर आदळत असेल तर नळी किंचित वळवा. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. स्लो धरत नाही म्हणून स्पीडचा स्क्रू आत आत नेला जातो. त्याने चकती इतकी उघडते की कडेजवळची ती बारीक भोकं आधीच उघडी पडतात. ती भोकं स्लोपासून मुख्य जेटपर्यंतचा पूल आहेत. पूल आधीच खर्ची पडला की पाय दाबल्यावर मधे पोकळी येते. हवेची गळती बंद झाली की स्क्रू परत बाहेर येईल आणि दम खाणं बऱ्याच अंशी आपोआप जाईल.

यानंतर पेट्रोल, कारण १९७९ च्या जेटना आजचं पेट्रोल माहीत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून इथेनॉल होतं आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. जुनी जेट तेवढं देत नाहीत, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं (उलट झालं तर जाड). पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, कार्ब्युरेटरमधून फटाके फुटतात आणि घाटात जोर जातो. जेटचा हिशेब क्षेत्रफळावर करायचा. १२० चं १२५ केलं तर व्यास चार टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्के. एवढीच एक पायरी बहुधा पुरते. पायलट जेट ४५ चं ४७.५ केलं की अकरा टक्के, थेट ५० केलं तर तेवीस टक्के वाढ होते, म्हणून तिथे उडी मारू नका. आणि गळती बंद करून, पातळी लावून, गाडी चालवून पाहण्याआधी जेट बदलायचीच नाहीत. कंपनीतून गाडी थोड्या जाड मिश्रणावर आलेली असेल तर कदाचित गरजही पडणार नाही.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि टणक करतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी बदला, नळीवर एसएई जे३० आर९ असा छाप असलेली घ्या. सुईचं टोक आणि डायफ्रॅम व्हायटनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) मिळाले तर दोन पैसे जास्त देऊन तेच घ्या. इथेनॉल टाकीतला जुना गंजही सुटा करतं, त्यामुळे धुतलेल्या टाकीतूनही पहिल्या काही टाक्यांत कचरा येईल. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि डोळा ठेवा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असेल तर अर्ध्या तासाने गाडी पेट्रोलअभावी गपगार होते; झाकण उघडताना हवा सुस्कारत आत गेली की समजायचं.

आता घाटानंतरचा प्रश्न. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, आणि बॉनेटखाली त्याच्या किती तरी वर. गाडी चालू असते तोवर थंड पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरला गार ठेवतात. बंद केली की ती गार करणारी वाट थांबते, इंजिनची धग वर चढते आणि बाऊलमधलं पेट्रोल उकळायला लागतं. त्यात इथेनॉलने वाफ लवकर धरते. इथून दोन वेगळे प्रकार होतात. एक, उकळलेलं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये सांडून इंजिन बुडतं. दोन, पंपात आणि नळीत वाफ अडकून बाऊल रिकामा पडतो. ओळखायचं कसं? एअर क्लीनर काढून थ्रॉटल एकदाच हाताने फिरवा. पंपाची धार आली तर बाऊल भरलेला आहे, म्हणजे इंजिन बुडालंय. मग पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल जातं. पेडल सावकाश तळाला नेऊन तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. धार आलीच नाही तर वाफ आहे. पंपावर ओलं फडकं टाकायची आपली जुनी पद्धत तिथे खरोखर लागू पडते.

कायमचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरच्या खाली आठ-दहा मिलिमीटर जाडीचा बेकेलाइटचा स्पेसर, दोन्ही बाजूंना पॅकिंग, आणि त्या मापाचे लांब स्टड. आधीचा स्पेसर असेल तर तो कोणी काढून तर टाकला नाही ना, किंवा त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा तुकडा तर बसवला नाही ना, ते बघा. ॲल्युमिनियम उष्णता अडवत नाही, वर नेतं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या, आणि जागा असेल तर मधे पत्र्याचा आडोसा द्या. घाट चढून आल्यावर लगेच चावी काढू नका, एक-दोन मिनिटं स्लोवर चालू द्या, मग बंद करा.

ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत, एअर क्लीनर जागेवर. एअर क्लीनर यंत्रमागाच्या वस्तीत उभ्या गाडीचा असेल तर कापसाच्या तुसाने भरलेला असतो आणि त्यानेच मिश्रण जाड होतं, म्हणून तो स्वच्छ हवा. मिक्श्चर स्क्रू बोटांनी हलकेच टेकवा, जोर लावलात तर टोक आणि सीट दोन्ही खराब होतात. तिथून दीड फेरा उघडा. स्पीडच्या स्क्रूने स्लो साधारण ८०० फेऱ्यांवर आणा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून जिथे स्लो किंवा व्हॅक्यूम सर्वात जास्त येतो ती जागा शोधा. स्लो वाढला म्हणून स्पीडचा स्क्रू बाहेर घ्या आणि पुन्हा मिक्श्चर शोधा. दोन-तीनदा असं केलं की दोघांचं जमतं. या सोलेक्समध्ये हा स्क्रू खाली, फ्लँजजवळ असतो आणि उघडला की मिश्रण जाड होतं. वेगळ्या रचनेच्या कार्ब्युरेटरवर, जिथे स्क्रू फक्त हवा सोडतो, तिथे नेमकं उलट होतं. आजच्या पेट्रोलवर मी शेवटी अर्धा-पाव फेरा जाड बाजूला ठेवतो. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर थांबा: पायलटची वाट तुंबलीय, चकती जास्त उघडीय, किंवा पातळी उंच असल्याने मुख्य नळी गळतेय.

घरात गॅस ॲनालायझर नसतो, पण पीयूसी केंद्रावर असतो. गर्दी नसेल तेव्हा जाऊन विनंती करा आणि त्यांच्या मशीनसमोर स्लो लावा. तुमच्या काळातल्या चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड दोन-अडीच टक्क्यांवर आणि हायड्रोकार्बन काहीशे पीपीएममध्ये राहिला तर स्लो छान लागलाय. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन चढलेला दिसला तर मिसिंग आहे, बहुधा पातळ मिश्रणाचं.

मुख्य जेट रस्त्यावरच कळतं, आणि त्याला तुळजापूरचा घाट उत्तम. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडलवर चढताना गाडी अडखळली तर चोक जरासा ओढा. जोर आला तर मिश्रण पातळ आहे, एक पायरी मोठं जेट. अधिकच गुदमरली तर जाड आहे. मग गाडी बाजूला घ्या, लगेच बंद करा आणि प्लग बघा. जुन्या पुस्तकांत सांगितलेला विटकरी रंग आजच्या पेट्रोलवर येत नाही. फिकट बदामी ते करडा पुरे. पांढराफेक आणि चकाकणारे कण दिसले तर तशी गाडी पुढे नेऊ नका. कोणाकडे वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारं) असेल तर आकडा लॅम्डामध्ये (एकच्या खाली जाड, वर पातळ) वाचा, म्हणजे इथेनॉल किती आहे याचा घोळ उरत नाही: पूर्ण पेडलवर ०.८८ ते ०.९२, सपाटीला सावकाश चालताना एकच्या आसपास.

मारुतीचा कार्ब्युरेटर का नको, तेही सांगतो. तो ७९६ सीसीच्या इंजिनासाठी बनलेला आहे, तुमचं १०८९ सीसीचं. गाडी चालेल, स्लोही धरेल, पण वरच्या वेगात त्याचा गळा लहान पडेल, जेटचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि अडॅप्टरच्या पट्टीमुळे गळतीची आणखी एक जागा तयार होईल. शिवाय ही गाडी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, तिचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांच्या कंपनीची गाडी त्यांच्याच गावात मूळ कार्ब्युरेटरवर चालावी, असं मला मनापासून वाटतं. व्यवहाराच्या बाजूनेही तेच बरं: केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळू शकते. तुमची २०२९ ला त्या वयाची होईल आणि तेव्हा मूळ भागांना किंमत असेल. बॉडीलाच तडा असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुसरी बॉडी शोधा. घेताना सोबत स्पिंडल हलवून बघा, नाही तर झिजलेली देऊन झिजलेलीच आणाल.

काम करताना बॅटरीची तार काढलेली, दार उघडं, अग्निशामक हाताशी, आणि देवघरातला दिवा त्या खोलीच्या आसपास नको. पुढे कधी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीची नळी बंद करून बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा.

पहिल्यांदा ग्रीसची चाचणी करा, मग स्पिंडलचा खेळ, जुन्या आणि नव्या वॉशरची जाडी, आणि मुख्य व पायलट जेटवरचे आकडे कळवा. बुशचं माप आणि जेट बदलायचं की नाही, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.